ढगाखाली उभ्या राहणाऱ्या माणसांविषयी

नॉर्मन, ओक्लाहोमा
मार्चचा दुसरा रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ‘तुमच्याकडे लोक वादळाच्या मागे गाड्या पळवतात म्हणे, त्यांना जिवाची पर्वा नाही का?’ असे तू विचारले आहेस. चार वर्षांपूर्वी मीही याच सुरात बोललो असतो. पण परवाच जवळच्या एका अग्निशमन केंद्रात स्पॉटर, म्हणजे वादळावर नजर ठेवून कळवणाऱ्या स्वयंसेवकांच्या, प्रशिक्षणाला दुसऱ्यांदा बसून आलो, आणि आता या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देववत नाही.

नॅशनल वेदर सर्व्हिस या अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याचा ‘स्कायवॉर्न’ नावाचा हा उपक्रम 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे आणि आज देशभरात त्याचे साडेतीन लाखांहून अधिक प्रशिक्षित स्वयंसेवक आहेत. वर्ग सुमारे दोन तासांचा आणि विनामूल्य असतो. परवा माझ्या एका बाजूला गव्हाची शेती करणारे आजोबा होते, दुसऱ्या बाजूला शाळेच्या बसची चालक असलेल्या बाई होत्या, आणि मागच्या रांगेत हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेने बिनतारी संच चालवणारे, आपापले संच घेऊन बसले होते.

रडार असताना माणसे कशाला, असे तुला वाटेल. मलाही वाटले होते. रडारचा किरण जवळजवळ सरळ जातो आणि जमीन मात्र गोलाईने खाली जात राहते, त्यामुळे रडारपासून शंभर किलोमीटरवर सर्वांत खालचा किरणही जमिनीच्या सुमारे दीड किलोमीटर वरून जातो. घरांची छपरे उडतात ती त्या किरणाच्या खाली. तिथे काय चालले आहे हे सांगायला डोळेच लागतात.

प्रशिक्षकांनी पडद्यावर एक छायाचित्र दाखवले. काळ्या ढगाच्या तळाशी एक फाटका लोंबता तुकडा होता, जवळजवळ जमिनीला टेकलेला. हा टॉर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा वाऱ्याचा भोवरा, आहे असे कोणाकोणाला वाटते, असे त्यांनी विचारताच निम्म्या सभागृहाने हात वर केले. माझाही हात त्यांत होता. मग त्यांनी त्याच ढगाची चित्रफीत लावली. एक मिनिटभर पाहिल्यावर तो तुकडा विरून गेला, एकदाही फिरला नाही. ‘आधी एक मिनिट नुसते पाहा. तो फिरतो आहे का, टिकून राहतो आहे का, हे बघा आणि मगच फोन उचला,’ असे ते म्हणाले. खोट्या बातमीवर भोंगे वाजले, तर पुढच्या वेळी लोक तळघरात उतरत नाहीत, याची त्यांना फार काळजी होती.

गारांचेही तसेच. आपण बोराएवढी, सुपारीएवढी, लिंबाएवढी म्हणतो. इथे नाण्यांवरून आणि गोल्फच्या चेंडूवरून सांगतात. मात्र ‘गोटीएवढी’ म्हणू नका, असे ते बजावतात, कारण प्रत्येकाची गोटी वेगळी. एक इंच व्यासाची गार, म्हणजे इथले पाव डॉलरचे नाणे, ही तीव्र वादळाची रेषा धरली जाते. काय पाहिले, कुठे, किती वाजता आणि आपण कुठे उभे होतो, एवढेच कळवायचे. वादळ बहुधा ईशान्येकडे सरकते, म्हणून त्याच्या आग्नेयेला, निसटायला रस्ता मोकळा ठेवून थांबायचे. स्पॉटरने पाठलाग करायचाच नसतो.

आता पाठलाग करणाऱ्यांविषयी. वर्गात माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांचा त्यांच्यावर मनापासून राग आहे. गेल्या मे महिन्यात त्यांच्या शेताकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर कॅमेरे लावलेल्या गाड्यांची रांग उभी राहिली आणि त्यांना गुरे आवरायला पोहोचता आले नाही. हा राग मला रास्त वाटतो. ज्याला ढग वाचता येत नाही आणि जो केवळ थेट प्रक्षेपणासाठी रस्ता अडवतो, त्याच्या बाजूने बोलण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

पण सगळ्यांना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते. 24 मे 1973 रोजी नॉर्मनच्या प्रयोगशाळेतील संशोधक असाच पाठलाग करत युनियन सिटीला पोहोचले आणि त्यांनी टॉर्नेडोचे जवळजवळ पूर्ण आयुष्य चित्रित केले. त्याच वेळी इथले डॉपलर रडार, म्हणजे ढगातल्या वाऱ्याचा वेगही टिपणारे रडार, त्या ढगाच्या पोटात पाहत होते. पुढे दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हा टॉर्नेडोची रडारवरची खूण सापडली. 1990 च्या दशकात देशभर डॉपलर रडारे बसली, त्यामागे अशा दिवसांचे श्रम आहेत. टिम सामारास या वादळांचा पाठलाग करणाऱ्या संशोधकाने 24 जून 2003 रोजी दक्षिण डकोटात टॉर्नेडोच्या वाटेवर आपले उपकरण ठेवले आणि हवेचा दाब शंभर मिलिबारने घसरल्याची नोंद मिळवली. तेच सामारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग 31 मे 2013 रोजी इथून तासाभराच्या अंतरावरील एल रीनोजवळ मरण पावले. तो टॉर्नेडो बघता बघता 4.2 किलोमीटर रुंद झाला आणि त्याने दिशाही बदलली. पाठलाग करणाऱ्यांमध्ये सर्वांत सावध म्हणून ज्यांचे नाव घेतले जाई, ते हे गृहस्थ. हे आठवले की मला अजूनही गलबलून येते.

त्या संध्याकाळी महामार्ग तुंबले, त्याचा सगळा दोष लोक पाठलाग करणाऱ्यांवर टाकतात. अकराच दिवस आधी मूर गावात टॉर्नेडोने 24 जणांचा बळी घेतला होता. त्या धास्तीने साधी संसारी माणसेही मुलाबाळांना गाडीत घालून रस्त्यावर आली होती. घाबरलेल्यांना दोष देववत नाही, आणि म्हणूनच कुठे थांबायचे हे आधी शिकवणारा तो दोन तासांचा वर्ग मला इतका मोलाचा वाटतो.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली आपल्या मराठवाड्यातली गारपीट वर्गात बसल्या बसल्या मला आठवत होती. तू फोनवर म्हणाला होतास की ज्वारी झोपली, हरभरा गेला, आणि पंचनाम्याला माणसे आली तेव्हा गारा केव्हाच वितळून गेल्या होत्या. म्हणून एक मागणे आहे. यंदा गार पडलीच, तर विजा पूर्ण थांबेपर्यंत घराबाहेर पडू नकोस. मग सर्वांत मोठी गार उचल, शेजारी पोराची शाळेची पट्टी ठेवून फोटो काढ, आणि घड्याळातली वेळ व ढग कोणत्या दिशेने आला ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेव. तो फोटो मलाही पाठव.

तात्यांना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
बापू