अन्नपूर्णेचा फोटो पाहिला

सांगली, गावभाग
गुरुवार, रात्र

चि. मंजूस अनेक उत्तम आशीर्वाद.

हाताला सवय 'चि. सौ.' लिहायची. लिहूनही झालं होतं. तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. तुझ्या आईला दाखवला नाही.

रविवारी रात्री तू अन्नपूर्णेचा फोटो पाठवलास. खाली एवढंच, "बाबा, हे हिरवं कशानं जाईल?" चार दिवस मी उत्तर दिलं नाही ते रागानं नव्हे. फोटोत मूर्तीच्या मागे तुझ्या खोलीचं दार दिसतंय. चौकटीला कोयंडा आहे, पण दाराला आतून कडी दिसत नाही. फोटो मोठा करकरून पाहिला. असेल वरच्या बाजूला, फोटोत आली नसेल. हे या पत्रात लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो. असो. आधी मूर्तीचं.

ते हिरवं म्हणजे कळंक. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. ओल मुरत राहिली की त्यातलं तांबं आधी काळवंडतं आणि मग हिरवं पडतं. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं तेही याच जातीचं. पण तुझ्या फोटोत हिरवं कुठं कुठं आहे ते मी नीट पाहिलं. पळीच्या मुळाशी, मांडीच्या घडीत आणि कपाळावर कुंकवाच्या जागी. बाकी अंग बरंचसं पिवळं आहे. पूजेविना पडून राहिलेले देव असे दिसत नाहीत गं, ते सगळीकडून सारखे काळे होतात. म्हणजे तू रोज तिला पाणी घालतेस, ओलं कुंकू लावतेस, फक्त पुसून कोरडी करत नाहीस. सकाळी कामाला निघायची घाई असणार. तो हिरवा ठिपका बघून मला किती बरं वाटलं ते कसं सांगू. आईला दाखवला. ती काही बोलली नाही, पण फोन बराच वेळ हातात धरून बसली.

आता कर असं. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात कोळ, चिमूटभर मीठ घाल आणि बोटांनी मूर्तीला चोळ. पाच-सात मिनिटं, जास्त नाही. घडीत बोट पोचत नाही तिथं दातांचा जुना मऊ ब्रश चालेल. तारेची घासणी तिच्या आसपाससुद्धा आणू नकोस. मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धू, कारण आंबटाचा अंश राहिला तर दोन दिवसांत पुन्हा हिरवं येतं. जुन्या सुती कापडानं टिपून घे आणि थोडा वेळ उन्हात ठेव. तुझ्या खोलीत ऊन येतं का? कुंकू कोरडं लाव. दही-मधाचा अभिषेक केलास तर ते अंगावर सुकू द्यायचं नाही. आणि चिंचेत तिला कधीही रात्रभर ठेवू नकोस.

रात्रभर का नाही, ते तुला ठाऊक आहे. 2019 च्या ऑगस्टात महापूर आला, आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45. आपण सगळे मिरजेला मावशीकडे. 2005 ला पाणी आपल्या पायरीवरून परत गेलं होतं, त्या भरवशावर मीच म्हणालो होतो की देव राहू देत, देवघर उंचावर आहे. तुझी आई नको नको म्हणत होती. परत आलो तेव्हा देव्हारा फुगून आडवा पडलेला, घरात गुडघ्याला थोडा कमी गाळ आणि तो वास. मी दारातच उभा राहिलो. तू सलवार वर खोचलीस, खाली बसलीस आणि हातांनी चाचपायला लागलीस. घंटा सापडली, बाळकृष्ण सापडला. अन्नपूर्णा काही हाताला लागेना. तू अर्धा तास त्या गाळात हात फिरवत होतीस आणि मग एकदम म्हणालीस, "बाबा, पळी लागली." ओढणीनं पुसलीस तिला. ती ओढणी पुन्हा कधी पांढरी झाली नाही.

त्या रात्री मी घाबऱ्याघाबऱ्या सगळे देव घमेल्यात चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवले. सकाळी बाळकृष्णाचे गुडघे आणि गाल तांबूस झालेले. आंबटानं जस्त खाल्लं आणि तांबं वर आलं. तो रंग आजही तसाच आहे. चाळीस वर्षं भांड्यांच्या दुकानात काढलेल्या माणसाच्या हातून हे व्हावं. अन्नपूर्णा तेवढी वाचली, कारण ती घमेल्यात नव्हतीच. तू तिला साध्या पाण्यानं धुऊन वर उशाशी घेऊन झोपली होतीस.

हे सगळं आठवलं आणि मला माझीच लाज वाटली. त्या दिवशी फोनवर मी बोलून गेलो, "सगळं तिथंच टाकून आलीस आणि पितळ तेवढं उचललंस?" तू म्हणालीस, "ती माझी आहे, बाबा." आणि फोन ठेवलास. खरंच आहे तुझं. गौरीहरावर बसून, बोहल्यावर जाण्याआधी, तू तिच्यावर अक्षता वाहत होतीस. ती तुझ्यासोबत सासरी गेली ती रीत म्हणून. पण तुझी ती त्या गाळातूनच झालेली होती. तू तिला मागे ठेवून आली असतीस तर मला जास्त दुःख झालं असतं. ते शब्द मी परत घेतो.

एक गोष्ट मात्र ऐक. तिचं नाक जवळजवळ राहिलेलं नाही. माझ्या आजीनं घासलं, आईनं घासलं, राखेनं, रांगोळीनं, मिळेल त्यानं. कुणी सांगेल की मशीनवर बफिंग करून देतो, अगदी नवी दिसेल. देऊ नकोस. बफिंग म्हणजे वरचा थर खरवडून काढणं. नाक गेलंय, डोळे आहेत, तेही जातील. चमक हवी तर बाजारात मुरादाबादच्या नव्या मूर्ती पुष्कळ आहेत, लॅकर म्हणजे पारदर्शक लेप मारलेल्या. लॅकर उडालं की त्याही ठिपक्याठिपक्यांनी काळ्या पडतात. दुकानात जुन्या पितळेची मोड घ्यायचो तेव्हा आमच्या मालकांचा नियम होता की हातपाय शाबूत असलेला देव पोत्यात टाकायचा नाही. तराजूत घालायचो, पैसे द्यायचो आणि वरच्या फळीवर ठेवायचो. विकायला आलेल्या बायका फळीकडे न बघता जायच्या. एक मात्र जिना उतरून परत आली होती, नुसता नमस्कार करायला.

आणि आपली अन्नपूर्णा बघ. दोन्ही हातांनी मांडीवर आडवी पळी धरून बसली आहे. शस्त्र नाही, आयुध नाही. काशीचा विश्वनाथ, साक्षात शंकर, तिच्यापुढे भिक्षेला हात पसरतो आणि ती वाढते. माझी आई म्हणायची, हिला कुणाचं घर लागत नाही, ही बसते तिथं घर होतं. तिला वाटीत तांदळावर बसव. दर शुक्रवारी तांदूळ बदल आणि जुने भातात घाल. म्हणजे शुक्रवारी तरी भात टाकावा लागेल. रोज बाहेरचं खाल्लंस तर तब्येत उतरेल, फोटोत तुझं मनगट दिसलं मला, बांगडी कोपराकडे सरकलेली. आणि रात्री उशिरा येतेस, जिन्यात दिवा असतो का, शेजारी कोण राहतं, दाराला

हे बघ, पुन्हा तिथंच आलो. माफ कर. जी मुलगी स्वतःच्या पगारातून भाडं भरते, वकिलाकडे एकटी जाते, तिला भात कर म्हणून काय सांगायचं? लहानपणी तुला कुणी वाट दाखवली की तू मुद्दाम दुसऱ्या बाजूनं जायचीस, हरिपूरला संगमावर सुद्धा. मी मागून हाका मारत यायचो.

सोमवारी कट्ट्यावर अण्णांनी विचारलं, मंजू कुठं असते हल्ली? इतके दिवस मी "पुण्याला" एवढंच सांगून विषय बदलत होतो. सोमवारी सांगितलं, "पुण्याला, स्वतःच्या जागेत. एकटी असते." अण्णा म्हणाले, बरं. बाकी काही विचारलं नाही. घरी येईपर्यंत माझे पाय हलके होते. रात्री मात्र झोप लागली नाही. एकटी असते, हे मी आपल्या तोंडानं पहिल्यांदा म्हणालो होतो.

परत ये असं मी म्हणणार नाही. खोली रिकामी आहे, तुझं कपाट तसंच आहे, हे नुसतं माहीत असू दे.

जुन्या दुकानात जाऊन एक कडी आणली आहे. सहा इंची, भरीव पितळेची. लोहचुंबक लावून पाहिला, चिकटला नाही. वर मुलामा आणि आत लोखंड असला माल हल्ली फार येतो. दाराच्या फळीची जाडी मोजून कळव, म्हणजे त्या मापाचे स्क्रू घेतो. रविवारी सकाळच्या गाडीनं येतो, स्क्रू-ड्रायव्हर माझाच आणतो. जेवायला थांबणार नाही, तुझी सुट्टी मोडायला नको. थांब म्हणालीस तर थांबेन. तोवर रात्री दाराला आतून खुर्ची लाव.

तुझे
बाबा

ता. क. हे पत्र बंद करत होतो तेवढ्यात आई चिंचेची पुडी ठेवून गेली. बिया, शिरा सगळं काढून. म्हणाली, रविवारी विसरू नका.