तिसरा रूळ शोभेचाच, पण मोजून बसवा

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या ब्रिटिश उपनगरी विद्युत गाडीच्या मॉडेलचे छायाचित्र छापून आले. छायाचित्र झकास आहे. खालच्या ओळीत मात्र 'ही छोटी गाडी शेजारच्या तिसऱ्या रुळातून वीज घेते' असे म्हटले आहे, ते बरोबर नाही. लंडनच्या दक्षिणेकडे धावणारी खरी गाडी तशी वीज घ्यायची: ६६० व्होल्ट डीसी, पुढे ७५०. मॉडेलची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि तिला वीज मिळते ती नेहमीच्या दोन रुळांतून, चाकांवाटे. बाजूचा तिसरा रूळ शोभेपुरता असतो. त्याला वायर जोडून नियंत्रकाची कळ कितीही फिरवली तरी गाडी जागची हलणार नाही.

गैरसमज होण्याला जुन्या खेळण्यांचाही हातभार आहे. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३८ साली आणलेल्या हॉर्नबी-डब्लो गाड्यांना खरोखरच तिसऱ्या रुळातून वीज मिळे, पण तो रूळ मधोमध असे. १९५९ मध्ये त्यांनी दोन रुळांची पद्धत आणली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला निघालेली त्यांची ब्रिटिश रेल्वेच्या सदर्न विभागाची दोन डब्यांची उपनगरी गाडी दोन्ही प्रकारांत मिळत होती. जुना माल घेताना गाडी उलटी करून पाहावी. पोटाखाली मध्यभागी चमच्यासारखा पत्रा दिसला तर ती तीन रुळांची. तिची दोन्ही बाजूंची चाके विजेच्या दृष्टीने एकमेकांपासून विलग केलेली नसतात, त्यामुळे आजच्या रुळावर ठेवताक्षणी शॉर्ट होते.

शोभेचा असला तरी या मॉडेलमध्ये सर्वाधिक डोकेदुखी तिसरा रूळच देतो. कारण गणितात आहे. ब्रिटिश ओओ प्रमाण म्हणजे फुटाला ४ मिमी, सुमारे १:७६.२. त्या हिशेबाने १४३५ मिमी गेजचे (दोन रुळांमधल्या अंतराचे) १८.८३ मिमी व्हायला हवेत; प्रत्यक्षात ओओ रूळ १६.५ मिमीचा, म्हणजे दर बाजूला १.१६ मिमी आखूड. खऱ्या मार्गावर तिसऱ्या रुळाचा मध्य धावत्या रुळाच्या आतल्या कडेपासून १ फूट ४ इंचांवर आणि त्याचा माथा धावत्या रुळापेक्षा ३ इंच उंच असतो. मॉडेलमध्ये हे अनुक्रमे ५.३ आणि १ मिमी. पुस्तकातले ५.३ प्रमाण मानून रूळ बसवला आणि गाडीचे शू (तिसऱ्या रुळावरून वीज घेणारे, बोगीच्या बाजूचे पत्रे) मात्र गाडीच्या खऱ्या मध्यरेषेपासून मोजून बसवलेले निघाले, तर शू रुळाच्या एक मिलीमीटरहून जास्त बाहेर लटकतो. काही उत्पादक शू चाकांबरोबर आत ओढतात, काही ओढत नाहीत. म्हणून पुस्तक मिटून शू मोजावा, हे आमचे मत. मोटरचा डबा सरळ रुळावर ठेवा, स्लीपरवर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर) कागदाची पट्टी सरकवा, शूच्या मध्याखाली पेन्सिलीने खूण करा आणि तिथून रुळाच्या आतल्या कडेपर्यंत मोजा. अंतर ५.३ ते ६.५ मिमीच्या दरम्यान येईल. तेच सगळीकडे ठेवा.

६.५ आले तर दुसरी अडचण. बाजारातल्या बऱ्याच ओओ रुळांचे स्लीपर एचओ या थोड्या लहान प्रमाणाच्या मापाचे, जेमतेम ३० मिमी लांब असतात; तिसऱ्या रुळाला आधार देणाऱ्या इन्सुलेटरसाठीचे छिद्र अगदी टोकावर येते आणि स्लीपर फुटतो. इन्सुलेटर साधारण दर चौथ्या स्लीपरवर येतो, तेवढेच स्लीपर काढून तिथे ३४ मिमी लांबीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवाव्यात. ब्रिटनच्या साडेआठ फुटी स्लीपरचे माप नेमके तेवढेच येते.

उंचीचेही तसेच. कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत. कोड १०० रूळ २.५४ मिमी उंच, कोड ७५ रूळ १.९, एकच इन्सुलेटर दोन्हींवर चालवला तर ०.६ मिमीचा फरक पडतो. खऱ्या गाडीचा शू लोंबता असतो आणि स्वतःच्या वजनाने रुळावर टेकून घसरतो. मॉडेलचा शू घट्ट असतो. तो रुळाला लागला की बोगी उचलली जाते (बोगी म्हणजे चाकांचा सांगाडा, डबा नव्हे), चाकांचा संपर्क तुटतो आणि गाडी आचके देत थांबते. लोक मग मोटर उघडून बसतात. इन्सुलेटर चिकटवताना शू आणि रूळ यांच्यामध्ये अर्ध्या मिलीमीटरची प्लास्टिकची पट्टी ठेवावी, सुकल्यावर ओढून काढावी. वळणावरही तपासावे: ४३८ मिमी त्रिज्येवर बोगीच्या मध्यावरचा शू साधारण एक-तृतीयांश मिलीमीटर सरकतो.

प्रत्येक तुकड्याच्या टोकाला कानस मारून उतार द्यावा, नाहीतर शू तिथेच अडकतो. फलाटाजवळ तिसरा रूळ फलाटाच्या विरुद्ध बाजूला असतो, सांध्यांवर बाजू बदलतो, फाटकात तुटतो. शोभेचे पितळी शू लावणार असाल तर धावत्या रुळात जिथे विद्युत खंड (वीज तोडण्यासाठी ठेवलेली फट) आहे तिथे तिसरा रूळही कापावा. पितळी शू चाकाच्या धातूला लागून असेल तर अख्खा रूळ जिवंत होतो आणि खंडापलीकडे शॉर्ट करतो. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत दुपारी रूळ वाढतो, म्हणून तुकड्यांमध्ये अर्धा मिलीमीटर जागा सोडा आणि रूळ इन्सुलेटरमध्ये नुसता ओवा, चिकटवू नका.

जाता जाता एक सूचना. मुंबईची विजेवरची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावली, म्हणून ब्रिटिश डब्याला रंग फासून मुंबई लोकल करण्याचा मोह होतो. तो आवरावा. २-ईपीबीचा (सदर्न विभागाच्या दोन डब्यांच्या उपनगरी विद्युत गाडीचा) डबा ९ फूट ३ इंच रुंद, म्हणजे मॉडेलमध्ये ३७ मिमी. आपली लोकल १२ फुटी, म्हणजे ४८ मिमी. शिवाय ब्रॉडगेजला २२ मिमीचा रूळ लागेल.

आणि २-ईपीबीच्या पिवळ्या तोंडावरचा उलटा काळा त्रिकोण दोन्ही टोकांना चिकटवू नये. सामानाची खोली कोणत्या टोकाला आहे हे फलाटावरच्या हमालांना लांबून कळावे म्हणून तो असे. तो फक्त मोटर आणि गार्डची खोली असलेल्या डब्यावर.

— काही रेल्वे मॉडेलप्रेमी, डोंबिवली