आई-बाबांना पत्र: घरी आलेल्या लेकराबद्दल

प्रिय आई-बाबा,

सलाम.

परवा फोनवर आईनं विचारलं, "पोरगी कायमची आली का?" आणि मागून बाबांचा आवाज आला, "बोर्डिंगात टाकली असती तर शिकली असती चांगली." तेवढ्यात रेंज गेली. असल्या गोष्टी छतावर उभं राहून ओरडून सांगण्यासारख्या नाहीत, म्हणून लिहिते.

कायमची नाही. तिची माय आहे, नागपूरला तिच्यावर उपचार चालू आहेत. वडील गेले. कसे गेले ते यवतमाळ जिल्ह्यात कुणी विचारत नाही, सांगावंही लागत नाही. काकानं काही महिने सांभाळलं, पण त्याचंच वावर सावकाराकडं. मग प्रकरण बाल कल्याण समितीपुढं गेलं. आम्ही दोघांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षात आधीच अर्ज देऊन ठेवला होता. घर बघायला माणसं येऊन गेली, पोलिसांची पडताळणी झाली, दोघांचे डॉक्टरी दाखले लागले. समितीनं आदेश काढला तेव्हा लेकरू घरी आलं. याला फॉस्टर केअर म्हणतात. दत्तक वेगळं. इथं तिचं आडनाव बदलत नाही, आपल्या घरावर तिचा वारसाहक्क येत नाही, आणि माय बरी झाली, समितीला पटलं, की ती मायकडं जाते. तोवर माय तिला भेटू शकते, तसं कायद्यातच आहे. समितीकडून दर महिन्याला तपासणीही होते. ह्यांना पहिल्यांदा जरा जड गेलं, स्वतःच्या घरात कुणी येऊन मोरी बघतंय म्हणून. मला उलट बरं वाटलं.

तिचं नाव लिहीत नाही. पत्र तुम्ही शेजारच्या मावशींना वाचून दाखवाल, मला माहीत आहे, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही. आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका भावानं हौसेनं फोटो टाकला, "मंडळीची नवी लेक" म्हणून, खाली हात जोडलेल्यांची रांग. पाळकसाहेबांनी लगेच काढायला लावला. पुढच्या रविवारी उपदेशाच्या आधी स्पष्ट बोलले, की लेकराचं दुःख ही आपल्या विश्वासाची साक्ष नव्हे.

आता बाबा, बोर्डिंगचं. तुमची आजी 1899-1900 च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आली, तिथं जगली, म्हणून आपण आहोत. त्याआधीच्या, 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात येऊन कितीतरी मुली घेऊन गेल्या, हे तर तुम्हीच मला लहानपणी सांगायचे. त्या काळी दुसरं काय होतं? माणसं रस्त्यावर मरत होती. बोर्डिंगनं तुम्हाला अक्षर दिलं, कंपाउंडरची नोकरी दिली, मी ते कधी कमी लेखणार नाही. पण बोर्डिंगच्या गोष्टी तुम्हीच सांगितल्यात. तापात पडलात तेव्हा मेट्रन कपाळावर हात ठेवून पुढच्या खाटेकडं गेली, कारण पुढं अजून तशा खाटा होत्या. ती बाई वाईट नव्हती, तिला हातच दोन. 2015 च्या त्याच बाल न्याय कायद्यात आता लिहिलंय की मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय. संस्थेची नोंदणीही सक्तीची आहे, नसली तर चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा निदान एक लाखाचा दंड. मंडळीनं चार खोल्या बांधून "बालगृह" अशी पाटी लावण्याचे दिवस गेले, आणि खरं सांगू, जाऊ दे गेले तर. खोल्यांसाठी वर्गणी पटकन जमते, पाटीवर नाव येतं ना. एखाद्या घरात ताट वाढवायला कुणी लवकर हात वर करत नाही.

आणि ताट वाढवण्याच्याही आधी एक काम आहे, ते मला जास्त मोलाचं वाटतं. आमच्या मंडळीत एक विधवा बहीण आहे, दोन लेकरं, मजुरीवर पोट. तिची मुलं वसतिगृहात पाठवायचं जवळपास ठरलं होतं. सगळ्यांना वाटत होतं आपण मदतच करतोय. पाळकीणबाईंनी विचारलं, बाई मुलांना मारते का? उपाशी ठेवते का? नाही ना, पैसा नाही एवढंच ना? मग लेकरं कशाला तोडायची? तिचा राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेचा अर्ज भरला. एका मुलामागं महिन्याला 2250 रुपये. मंजुरी येईपर्यंत महिला मंडळानं तिचा किराणा भरला. मुलं मायजवळच आहेत. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्येही महिन्याला 4000 ची तरतूद आहे, त्यात गावाकडच्या घराचं वार्षिक उत्पन्न 72,000 च्या आत लागतं. हे आकडे आमच्या चर्चच्या फळ्यावर खडूनं लिहिलेत, गीतांच्या नंबरांखाली. कुणाच्याही शेजारच्या बाईला उपयोगी पडतील, ती ख्रिस्ती असो नसो.

अमेरिकेतल्या काही मंडळ्यांमध्ये एक घर मूल घेतं आणि बाकीची चार-पाच घरं त्या घराला सांभाळतात, असं पाळकसाहेबांनी सांगितलं. आमच्याकडं समित्या-बिमित्या काही नाहीत. पण बाल कल्याण समितीपुढं तारीख असली की एक भाऊ मोटारसायकल काढतो. माझी आरोग्य उपकेंद्राची ड्यूटी लांबली तर शेजारची ताई तिला जेवू घालते. शाळेतून निवृत्त व्हायला आलेल्या, लग्न न केलेल्या बाई आहेत ना, त्या गणित घेतात. 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 35 ते 60 वयाच्या एकट्या माणसालाही मूल सांभाळायला घेता येतं, हे कळल्यापासून त्या गप्प गप्प असतात आणि घराला रंग देतायत. आम्ही काही विचारलं नाही.

पोरगी कशी आहे विचारलंस आई. दहा वर्षांची, बारकी, आवाज मात्र खणखणीत. पहाटे उठते, अंथरूण घडी करून भिंतीशी लावते आणि मग त्याच्यावरच बसून राहते, कुणी काम सांगेल म्हणून. कापूस फुटला तेव्हा ओढणीची ओटी बांधून सरळ पराटीत शिरली, आणि ह्यांच्या दुप्पट वेचला. बोंडाच्या काट्यांनी बोटं ओरबाडलेली. मी म्हटलं, शाळा असते त्या दिवशी वावरात यायचं नाही. तर म्हणते, "मंग मी काय करू?" मी म्हटलं, खेळ. "कोणासंग?" याचं उत्तर माझ्याकडं तेव्हा नव्हतं. आता पाळकांची धाकटी रोज येते, अंगणात लगोरी चालते, लगोरीची दोन खापरं फुटलीत.

तिच्या दप्तरात गजानन महाराजांचा छोटा फोटो आहे, कोपरे झिजलेले, मायनं शेगावहून आणलेला. तो मी तिच्या पुस्तकांच्या फळीवर ठेवलाय. आई, तू बाप्तिस्म्याचं विचारलंस. नाही. लेकरू आपल्या स्वाधीन आहे, त्याच्या मायनं ते आपल्याकडं विश्वासानं ठेवलंय असं समजायचं, आणि अडलेल्या माणसाचा विश्वास असा वापरायचा नसतो. वडीलधाऱ्यांपैकी एक-दोघांना हे रुचलं नाही, मंडळीत कुजबुज झाली. मी त्यांना बायबलातल्या मोशेची आठवण करून दिली. फारोच्या लेकीनं त्याला नदीतून काढलं, पण दूध त्याच्या सख्ख्या मायनंच पाजलं, आणि राजकन्येनं त्याची मजुरीही दिली. त्यावर कुणी बोललं नाही, पटलं असं मी म्हणणार नाही. रविवारी तिची इच्छा असली की ती येते, पोरींमध्ये बसते, गाणी तिला आवडतात. इच्छा नसली की शेजारी थांबते. पोळ्याला शेजाऱ्यांच्या बैलांना रंग लावायला हीच पुढं होती.

"जाईल तेव्हा तुझं काय?" असंही तू विचारलंस. रडेन, आणखी काय. मागच्या महिन्यात ती मायला भेटून आली, दोन रात्री जेवली नाही, माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, माय आली की मला परत लगोरी खेळायला येता येईल का? मी हो म्हटलंय. मायलाही सांगून ठेवलंय.

आता तुमचं. माझं नागपूरला प्रशिक्षण आहे, ह्यांची सोंगणी त्याच सुमारास. तुम्ही दोघं येऊन राहा. शकुंतला रेल्वे चालू असती तर अचलपूरहून बसून मूर्तिजापूरला गाडी बदलली की थेट दारव्हा, आता एसटीच. बाबांच्या गुडघ्यांचं बघून अमरावतीला एक मुक्काम करा. आल्यावर दोन गोष्टी सांभाळा. तिला "बिचारी" म्हणायचं नाही, आणि "तुझी माय कधी येणार" हे विचारायचं नाही, ती स्वतःच रोज विचारते. मला ती काकू म्हणते, तुम्हाला काय म्हणायचं ते तिचं ती ठरवेल. बाबांनी पाढे घ्यायला हरकत नाही, पण छडी तिकडंच ठेवून या.

आवळ्याचं लोणचं आणा, तिनं मागितलंय. मी फोनवर तुझ्या लोणच्याबद्दल बोलताना ऐकत होती.

तुमची,
बेबी