निर्लेखनाच्या अर्जात एक रकाना वाढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या ठिकाणी ज्या माध्यमिक शाळेत मी तीस वर्षे गणित शिकवले, तिच्या संगणक कक्षातील बारा संगणक निर्लेखित करण्याचा, म्हणजे नोंदवहीतून बाद करण्याचा विषय मध्यंतरी शाळा समितीपुढे आला. त्यांवरील 'विंडोज १०' या संगणक प्रणालीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्यांची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि 'विंडोज ११'ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था व इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमचे संगणक चौथ्या पिढीचे. यात फसवणूक कोणाचीच नाही, तारीख आणि अटी आधीच जाहीर होत्या. पण पडदे स्वच्छ, कळफलक शाबूत आणि यंत्रे रोज सुरू होत असताना केवळ प्रणालीची मुदत संपली म्हणून ती भंगारात द्यायची, हे मनाला पटेना.

म्हणून एका तरुण सहकाऱ्याच्या मदतीने 'लिनक्स मिंट' या मुक्त, म्हणजे कोणालाही मोफत वापरता व वाटता येणाऱ्या प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेतली. तिची सोय अशी की, हार्ड डिस्कला हात न लावता संगणक थेट पेन ड्राइव्हवरून सुरू करून वाय-फाय, आवाज, प्रिंटर सारे तपासून पाहता येते. पसंत पडले नाही तर पेन ड्राइव्ह काढला की संगणक पूर्ववत. चार जीबी रॅमवर ती नीट चालली. पंधरा दिवसांनी बाराही संगणकांवर तीच बसवली. प्रणालीसाठी एक रुपयाही लागला नाही, आणि मिंटच्या २२व्या मालिकेला २०२९पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत.

पैशांपेक्षाही शिक्षक म्हणून मला दुसरी गोष्ट मोलाची वाटते. विनापरवाना प्रती हे आपल्याकडचे उघड गुपित आहे. परीक्षेत नक्कल करू नका असे बजावणारे आपण, त्याच मुलांना 'क्रॅक' केलेल्या सॉफ्टवेअरवर धडे देतो. लिनक्सची प्रत मुलांना घरी नेऊ दिली, तरी परवान्याचा भंग होत नाही, उलट परवान्यालाच ते अभिप्रेत आहे. शिवाय प्रणाली आणि बहुतेक सॉफ्टवेअर यांच्या दुरुस्त्या एकाच ठिकाणाहून, आपण सांगू तेव्हा होतात. पस्तीस मिनिटांच्या तासाला मुले बसली आणि पडद्यावर 'संगणक बंद करू नका' अशी सूचना झळकली, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

हा प्रयोग जगावेगळाही नाही. केरळमधील शाळांत संगणक शिक्षण अनेक वर्षे मुक्त प्रणालीवर चालते. तेथील 'काइट' ही सरकारी संस्था 'उबुंटू' या लिनक्सच्याच एका प्रकारावर आधारलेली आपली आवृत्ती शाळांसाठी तयार करते. ई-कोर्ट प्रकल्पामुळे जिल्हा न्यायालयांतही उबुंटू पोहोचली आहे. केंद्र सरकारने मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण २०१५ मध्येच जाहीर केले.

अडचणी आल्या, त्याही सांगायला हव्यात. एका जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर मिळालाच नाही. सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो जुन्या मराठी प्रश्नपत्रिकांनी: त्या युनिकोड ही सर्वत्र चालणारी अक्षरपद्धती येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असल्याने लिबरऑफिस या मोफत लेखन-सॉफ्टवेअरमध्ये निरर्थक चिन्हेच दिसत, आणि एकेक फाइल युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागली. हा दोष लिनक्सचा नव्हे. तो फॉन्ट नसलेल्या विंडोजच्या संगणकावरही हीच गत झाली असती. मराठी टंकनाची इन्स्क्रिप्ट ही कळरचना मात्र तीच असल्याने टंकलेखन नव्याने शिकावे लागले नाही. कार्यालयातील हिशेब टॅलीवर आहेत आणि टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, म्हणून लेखनिकांचा संगणक आम्ही विंडोजवरच ठेवला, आणि तेच योग्य होते.

शिक्षण विभागाला माझी विनंती मर्यादित आहे. शाळांकडून येणाऱ्या निर्लेखनाच्या अर्जात एक रकाना वाढवावा: हा संगणक मुक्त प्रणालीवर चालवून पाहिला काय, आणि चालला नसल्यास नेमके काय अडले? ही तपासणी पेन ड्राइव्ह लावून अर्ध्या तासात होते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. सातारा