सूचना : शनिवारची बैठक, विषय ‘पक्षी’

सर्व संशोधक सदस्यांना नमस्कार. येत्या शनिवारी संध्याकाळी ५ वाजता आपली बैठक आहे. चर्चा ग्रीक दिग्दर्शक कारोलोस कून यांनी १९५९ मध्ये अथेन्सला केलेल्या, प्राचीन ग्रीक विनोदी नाटककार अ‍ॅरिस्टोफनीसच्या ‘पक्षी’ या नाटकाच्या प्रयोगावर. त्यातला पुरोहित चर्चमधल्या स्तोत्रांच्या चालीत गाऊ लागला, प्रेक्षकांत गोंधळ उडाला आणि सरकारने पुढचे प्रयोगच बंद पाडले. १९६२ मध्ये हेच नाटक पॅरिसमध्ये गाजलं!

प्रबंधात आपण संहितेवर पानंच्या पानं लिहितो आणि प्रयोगावर चार ओळी, हे मला फार खटकतं. म्हणून येताना आपण अभ्यासत असलेल्या एखाद्या प्रयोगाचं छायाचित्र किंवा परीक्षण नक्की आणा. कोरस (एकत्र गाणारा-बोलणारा नटांचा समूह) कुठे उभा होता, मुखवटे होते का, एवढं तरी बघून या. जमणार नसेल तर शुक्रवारपर्यंत कळवा.