‘जपून ठेवलंय’ म्हणजे हरवलंय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात आतल्या पानावर जाहीर सूचनांचे रकाने असतात. त्यांतल्या बऱ्याच एकाच साच्यातल्या. अमुक गृहनिर्माण संस्थेतील अमुक सदनिकेचे भागप्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) गहाळ झाले आहे, कोणाचा हक्क वा हितसंबंध असल्यास चौदा दिवसांत लेखी कळवावे, खाली वकिलाचे नाव. वाचणाऱ्याला वाटते, कागद रिक्षात राहिला असेल किंवा पिशवी मारली गेली असेल. पण भागप्रमाणपत्र घेऊन कोण फिरते? ते घरातच असते, फार काळजीने ठेवलेले असते, आणि सापडत नाही ते त्या काळजीमुळेच.

घरात वस्तू हरवतात त्या दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी, आणि शोधताना आपण दोन्ही एकाच मापाने मोजतो. किल्ल्या, रिमोट, साले काढायचे सोलाणे, काडेपेटी या हातातून सहज खाली ठेवलेल्या वस्तू. लॉकरची किल्ली, मूळ करारनामा, पासपोर्ट, जोडातले उरलेले एक कानातले या जपून ठेवलेल्या. पहिल्या उघड्यावर असून दिसत नाहीत. दुसऱ्या बंदोबस्तात असतात आणि तो बंदोबस्त आठवत नाही. रिमोटसाठी कपाट उपसणे जितके व्यर्थ, तितकेच करारनाम्यासाठी सोफ्याखाली वाकणे. तरी बहुतेक घरांत शोध कपाटापासूनच सुरू होतो, कारण कपाट उपसले की आपण काहीतरी केले असे वाटते. शिवाय त्या उपशात हरवलेली वस्तू आणखी खाली गाडली जाते, ते वेगळेच.

सहज ठेवलेल्या वस्तूची आठवण पुसली गेलेली नसते, ती मुळात नोंदलीच गेलेली नसते. दार उघडताना फोन वाजतो, एका हातात दुधाची पिशवी असते, किल्ली कुठेतरी टेकवली जाते. अशा माणसाला ‘नीट आठव’ म्हणून धारेवर धरण्यात अर्थ नाही. किल्ली कुठे ठेवली हे त्याला सांगता येणार नाही, पण त्या वेळी तो काय करत होता हे सांगता येईल. दूध फ्रिजमध्ये गेले असेल तर किल्ली फ्रिजवर, ओट्यावर, क्वचित फ्रिजच्या दारात अंड्यांच्या शेजारी. म्हणजे शोध घ्यायचा तो किल्लीचा नाही, दुधाच्या पिशवीचा. आणि तो बाहेरच्या खोलीत बसून नाही, स्वयंपाकघरात जाऊन. गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे : पाण्याखाली लक्षात ठेवलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले, काठावर ऐकलेले काठावर.

आणखी एक अडचण डोळ्यांची. आपण वस्तू शोधत नाही, मनातले तिचे चित्र शोधतो. पासपोर्ट म्हटले की निळे पुस्तक डोळ्यांपुढे येते; मागच्या प्रवासात त्याला तपकिरी कव्हर चढवलेले असते आणि नजर त्याच्यावरून तीनदा फिरून जाते. काळा रिमोट काळ्या सोफ्यावर पालथा पडला की तीच गत. म्हणून शोधण्याआधी वस्तूचा आजचा रंग, कव्हर, डबी कोणती हे एकदा बोलून घ्यावे. वस्तूचे नाव पुटपुटत शोधल्याने ती लवकर सापडते, असे २०१२ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांना आढळले होते, पण ज्या वस्तूचे रूप तिच्या नावाशी पक्के जोडलेले असते तिच्याच बाबतीत. केळे शोधताना ते चालेल. ‘ती फाइल’ शोधताना नाही.

पडलेल्या वस्तूचे शास्त्र तर सरळ गुरुत्वाकर्षणाचे आहे, तरी तिथेच जास्त घाई होते. कानातल्याची फिरकी पडली की पहिले पाऊलच टाकू नये. खोलीतले दिवे मालवावेत आणि टॉर्च जमिनीवर आडवा ठेवून हळूहळू फिरवावा. वरून पडणाऱ्या उजेडात बारीक वस्तू फरशीत मिसळून जाते. आडव्या उजेडात तिची लांब सावली पडते आणि धातू चमकतो. अंथरुणात पडली असेल तर चादर झटकू नये, चारही कोपरे आत घेऊन मोट बांधावी आणि ती उघड्या फरशीवर सोडावी. मग केर काढावा, तो सुपलीतून कागदावर घ्यावा आणि बोटाने चिवडावा. त्या दिवशीचा कचरा घंटागाडीला देऊ नये. सोलाणी आणि चमचे घरातून नाहीसे होतात ते बहुधा सालींच्या आणि खरकट्याच्या वाटेनेच.

अंगठी बेसिनमध्ये गेली तर नळ लगेच बंद करावा, बस. बेसिनखाली बाटलीच्या आकाराचा जो भाग असतो, बॉटल ट्रॅप, त्यात दुर्गंधी अडवायला पाणी साठलेले असते. २२ कॅरेट सोने पाण्यापेक्षा साधारण सतरा-अठरा पट जड, म्हणून अंगठी त्या वाटीच्या तळाशी बसण्याची शक्यता चांगली असते. वर पाणी सोडत राहिलो तर ती पुढे ढकलली जाते. खाली बादली ठेवून वाटी हाताने उलटी फिरवावी. प्लॅस्टिकच्या ट्रॅपला पाना लावला की आटे जातात किंवा तडा जातो. परत बसवताना आतला रबरी वायसर जागेवर आहे ना ते बघावे, नाहीतर अंगठी मिळते आणि गळती लागते. न्हाणीच्या जाळीखालीही अशीच वाटी असते. तिथे केसांच्या गुंत्यात वस्तू अडकते. लहान मोजे आणि रुमाल समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनच्या दाराभोवतीच्या रबराच्या घडीत सापडतात, नाहीतर उशीच्या अभ्र्यात. नाणी खाली पुढच्या बाजूच्या फिल्टरमध्ये, आणि तो उघडण्याआधी पसरट ताट ठेवावे, कारण लिटर-दीड लिटर पाणी सहज बाहेर येते.

हे झाले सोपे. जपून ठेवलेले शोधणे खरे अवघड, कारण तिथे आपला सामना आपल्याच हुशारीशी असतो. चोराला सुचणार नाही अशी जागा आपण शोधून काढतो. सहा महिन्यांनी ती आपल्यालाही सुचत नाही. मग प्रश्न बदलावा. ‘कुठे ठेवले?’ याऐवजी ‘कशाच्या भीतीने ठेवले?’ असे विचारावे. चोराची भीती असेल तर साड्यांच्या घड्या, तांदळाचा डबा, देवघराचा खण. पाणी आणि वाळवीची असेल तर माळा, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, वर दोरी. लहान मुलाची असेल तर उंच फळीवरचा चिवड्याचा रिकामा डबा. आणि ‘लवकरच लागणार आहे, समोर असू दे’ अशी भीती असेल तर बॅगेचा आतला कप्पा. ठेवण्याचे निमित्तही आठवावे : रंगकाम, पाहुणे, गावाला जाणे, दिवाळीची साफसफाई. दिवाळीत हरवलेली वस्तू सहसा त्या वर्षी नव्याने आणलेल्या डब्यांत किंवा खोक्यांतच असते.

मूळ कागदांच्या बाबतीत जाहीर सूचना देण्याआधी आणखी तीन ठिकाणे बघितलीच पाहिजेत. पहिले, झेरॉक्सचे दुकान. नकला हातात घेऊन आपण निघतो आणि मूळ कागद यंत्राच्या काचेवर राहतो. दुसरे, संस्थेचे कार्यालय. हस्तांतराची नोंद करायला भागप्रमाणपत्र दिलेले असते आणि ते तिथल्या फाइलमध्येच बसलेले असते. तिसरे, बँक. गृहकर्ज घेताना मूळ कागद तारण म्हणून दिलेले असतात, त्या वेळी मिळालेली कागदपत्रांची यादी काढून बघावी. कर्ज पूर्ण फिटल्यावर मालमत्तेचे मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. म्हणजे आपण ज्यासाठी वकिलाला फी देत आहोत तो कागद कदाचित दुसऱ्याच्या तिजोरीत असेल.

यानंतरही नाहीच मिळाला तर संस्था साधारणपणे पोलिसांकडची हरवल्याची नोंद, मुद्रांकावरचे हमीपत्र आणि वृत्तपत्रातली सूचना मागते, आणि दुय्यम प्रत देते. नोंदणीकृत करारनाम्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून मिळते, पण त्यासाठी दस्त क्रमांक, वर्ष आणि कार्यालय माहीत हवे. ते सूची क्रमांक २ (इंडेक्स टू) या नोंदणीच्या गोषवाऱ्यावर असते आणि ती सूची करारनाम्यालाच टाचलेली असते! ती वेगळी काढून ठेवणारे घर हजारात एखादे असेल.

लॉकरच्या किल्लीचे प्रकरण त्याहून खर्चिक. ग्राहकाच्या किल्लीची जोडकिल्ली बँकेकडे नसते. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२१ च्या सूचनांनुसार किल्ली हरवल्याचे लगेच कळवायचे, पुढे सापडली तर बँकेला परत करू असे लिहून द्यायचे, आणि लॉकर फोडण्याचा व कुलूप बदलण्याचा खर्च आपण सोसायचा. त्याच सूचनांनुसार किल्लीवर बँकेची किंवा शाखेची खूण कोरलेली असावी लागते. जुन्या किल्ल्यांच्या जुडग्यात नेमकी कोणती किल्ली लॉकरची, हा वाद त्या खुणेने मिटतो. म्हणून जुडगे फेकून देण्याआधी भिंग घेऊन बसावे. इतर कुलपांच्या जोडकिल्ल्या मात्र घरात असाव्यात, आणि त्या मूळ किल्लीवरूनच कराव्यात. नकलेची नक्कल करताना घासण्यातली चूक वाढत जाते. तिसऱ्या पिढीची किल्ली कुलपात शिरते, फिरत नाही.

कार्तवीर्याचा श्लोक म्हणा, वस्तू सापडते, असे घरातली मोठी माणसे सांगतात. गोव्यात ख्रिस्ती घरांत यासाठी सांत आंतोनला साकडे घालतात. याला हसणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे : दोन्हींत माणूस दोन मिनिटे एका जागी उभा राहतो आणि उपसाउपशी थांबते. शोधाच्या पहिल्या अर्ध्या तासात याहून उपयुक्त गोष्ट नाही.

आपल्याकडे एक जुनी सोय होती, भांड्यांवर नाव घालण्याची. थरथरत्या सुईचे यंत्र घेऊन माणूस दुकानात बसलेला असायचा. नाव, गाव, कधी तारीख कोरून द्यायचा. लग्नकार्यात गेलेले पातेले त्या नावामुळे घरी यायचे. मुंबईच्या डबेवाल्यांचे काम चालते तेही डब्यावर रंगवलेल्या खुणांवर, कोणाच्या स्मरणशक्तीवर नाही. कागदांना आणि किल्ल्यांना आपण असा पत्ता देत नाही. द्यायचा तर दोनशे पानी साधी वही पुरते. एका पानावर एक वस्तू, शेजारी जागा आणि तारीख, जागा बदलली की जुनी खोडून नवी. कपाटाच्या आणि कुलपांच्या किल्ल्यांचे क्रमांक, करारनाम्याचा दस्त क्रमांक, पासपोर्टचा क्रमांक तिथेच. फोनमध्ये *#०६# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांकही लिहावा, कारण चोरीला गेलेला फोन केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर बंद करताना तोच मागतात आणि तेव्हा फोन हातात नसतो. हमीची बिले बहुधा थर्मल, म्हणजे उष्णतेने छपाई होणाऱ्या, कागदावर असतात; ती प्लॅस्टिकच्या पाकिटात पुसट होतात आणि लॅमिनेशनच्या उष्णतेने काळी पडतात, तेव्हा आणली त्याच दिवशी फोटो काढून घ्यावा.

ही वही मात्र जपून ठेवू नये. विजेची बिले जिथे टाकतो त्या खणात, बिलांच्या वर असू द्यावी. तीत लॉकरचा क्रमांक लिहावा, एटीएमचा पिन लिहू नये. आणि तिची जागा घरातल्या निदान दोघांना ठाऊक असावी, कारण जपून ठेवलेल्या वस्तूंचा खरा घोळ होतो तो ठेवणारे माणूस इस्पितळात असताना किंवा गेल्यावर.

आपल्याकडे एकच विनंती. जाहीर सूचनांच्या पानावर कोपऱ्यात एक लहानशी चौकट कायम छापावी : ‘सूचना देण्याआधी झेरॉक्सचे दुकान, संस्थेची फाइल आणि बँकेची यादी तपासली का?’ जाहिरातींचे उत्पन्न थोडे घटेल, याची कल्पना आहे.

आपला,
एक वाचक, ठाणे

ता. क. : चष्म्याबद्दल लिहायचे राहिले. चष्मा शोधायला चष्मा लागतो, म्हणून जुन्या नंबरचा एक फेकू नये. तो खिळ्याला टांगून ठेवावा. बिनफ्रेमचा किंवा बारीक तारेचा चष्मा काचेच्या टेबलावर अजिबात दिसत नाही. तिथेही दिवे मालवून टॉर्च आडवा धरावा, भिंगे लकाकतात.