शीर कोणी शोधायची

प्रिय ताई,
सा. न.

परवा फोनवर तू विचारलंस, "अगं, दहा वर्षं समुपदेशन करतेयस, आता परत कसलं ट्रेनिंग?" आणि मागून आईचा आवाज आला, "सुपरव्हायझर होणार आहे म्हणे. म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये फिरतात तशी?" मी हसले खरी, पण फोन ठेवल्यावर वाटलं, आईचं फार चुकलं नाही. पहिले दोन महिने मीही तशीच वागत होते. चूक दिसली की लाल शाई. आज सुट्टी आहे, म्हणून नीट लिहूनच कळवते.

तुझ्याच कामावरून सांगते. वॉर्डात नवी मुलगी येते, तिला शीर सापडत नाही, तेव्हा तू शेजारी उभी असतेस. तिचा हात थरथरला तर सावरतेस, अगदीच जमेना तर सुई आपल्या हातात घेतेस. पेशंट, ती आणि तू, तिघंही एका जागी. आमच्याकडे दार बंद असतं. आत नवा समुपदेशक आणि त्याचा क्लायंट. मला कळतं ते आठवड्याने, आणि तेही तो सांगेल तेवढंच. तरीही त्या क्लायंटच्या बऱ्यावाईटाची जबाबदारी माझ्यावरही येते. ज्याचा चेहराही पाहिलेला नाही अशा माणसाची.

समुपदेशन चांगलं येतं म्हणजे सुपरव्हिजनही जमेल, असं आमच्या क्षेत्रात कितीतरी वर्षं धरून चाललं होतं. शिकाऊ माणसाच्या केसेस अनुभवी माणसाने पाहायच्या, ही रीत जुनी आहे. बर्लिनमध्ये १९२० साली मनोविश्लेषकांनी जो दवाखाना काढला, तिथे ती प्रशिक्षणाचा भाग होती. पण पाहणाऱ्याला कोणी शिकवायचं, हा प्रश्न फार उशिरा पडला. मलाही तो पडला नव्हताच. आमच्या संस्थेने पाठवलं म्हणून आले.

पहिल्याच सरावात फजिती झाली. मी सुपरव्हायझर, समोर नवी समुपदेशक झालेली एक वर्गमैत्रीण, आणि शिकवणाऱ्या बाई कोपऱ्यात वही घेऊन. तिने केस सांगायला सुरुवात केली: नवरा गेल्यापासून घराबाहेर न पडणारी एक स्त्री. मी लगेच सरसावले. झोप लागते का? जेवते का? मुलं किती? आत्महत्येचे विचार येतात का? वीस मिनिटांनी बाईंनी थांबवलं आणि वही पुढे केली. दोन रकाने होते. क्लायंटबद्दल सतरा प्रश्न. समोर बसलेल्या समुपदेशकाबद्दल एकही नाही. "हिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीशी बोलत होतीस," म्हणाल्या. जिवाच्या धोक्याचा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता, ते त्यांनी मान्य केलं. बाकीचे सोळा थांबू शकले असते.

मग आम्हाला जॅनीन बर्नार्ड यांनी १९७९ मध्ये मांडलेली चौकट दिली. सुपरव्हायझरच्या भूमिका तीन: शिक्षक, समुपदेशक आणि बरोबरीने विचार करणारा सल्लागार. लक्ष द्यायच्या जागाही तीन: तो सेशनमध्ये करतो काय, केस त्याला कशी समजली आहे, आणि त्याचं स्वतःचं मन मध्ये कुठे येतं. तीन त्रिक नऊ घरं. पाढ्यासारखं सोपं वाटतं ना? गोम अशी की जो तो आपापल्या आवडत्या घरात ठाण मांडून बसतो. मी शिक्षकाच्या. एका वर्गमित्राचं उलटं, त्याची प्रत्येक सुपरव्हिजन घसरत घसरत समोरच्याच्या बालपणात जायची. तेही चालत नाही. समुपदेशकाच्या जखमेला हात लावायचा तो क्लायंटच्या कामात ती आडवी येते तेवढ्यापुरता. बाकीचं त्याने दुसऱ्या कोणाकडे जाऊन बोलायचं. सुपरव्हायझरने त्याचा थेरपिस्ट व्हायचं नाही.

आता माझ्याकडे येणाऱ्या मुलीची गोष्ट. खूणगाठी सगळ्या बदलल्या आहेत, तेव्हा ओळखायचा प्रयत्न करू नकोस. नॉर्मन कॅगन या मानसशास्त्रज्ञाने मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत १९६० च्या दशकात एक पद्धत बसवली. सेशनचं रेकॉर्डिंग लावायचं आणि थांबवायचं बटण शिकणाऱ्याच्या हातात द्यायचं. त्याला जिथे काही आठवेल तिथे तो थांबवतो. आपण एवढंच विचारायचं: तेव्हा मनात काय चाललं होतं? काय ओठांवर आलं आणि गिळलंस? हे ऐकायला साधं आहे, पण गप्प बसणं किती जड जातं ते बसल्यावरच कळतं.

तर तिने एका जागी थांबवलं. क्लायंट म्हणत होता, "तुम्हीच सांगा ना, मी काय करू." आणि हिने भराभर तीन उपाय सांगितले होते. बटण दाबून ती माझ्याकडे बघत म्हणाली, "इथे काय करायला हवं होतं, मला कळतच नाही. तुम्हीच सांगा." ताई, मी काय केलं असेल? मी उपाय सांगायला लागले. दुसऱ्यावर आले आणि जीभ अडखळली. त्या माणसाची अगतिकता तिच्यात आली होती आणि तिची माझ्यात. क्लायंटच्या नात्यात जे घडतं त्याची सावली सुपरव्हिजनच्या नात्यात पडते, हे हॅरल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्येच लिहून ठेवलंय. मी ते परीक्षेत सुवाच्य अक्षरात लिहिलंही होतं.

मी थांबले आणि तिला म्हटलं, "आत्ता मला तुला घाईघाईने काहीतरी देऊन मोकळं व्हावंसं वाटतंय. तुला त्या दिवशी असंच वाटलं होतं का?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला त्याची भीती वाटते. तो पुढच्या वेळी आला नाही तर?" हे तिने आठ आठवड्यांत पहिल्यांदा सांगितलं.

आठ आठवडे का लागले, त्याचं उत्तर मला अवघड नाही. शिकणाऱ्याच्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर सही माझी असते. जिच्यापुढे रडायचं, तिच्याच हातात पास-नापास. १९९६ मध्ये अमेरिकेत निकोलस लडानी आणि सहकाऱ्यांनी शिकाऊ थेरपिस्टना विचारलं होतं, सुपरव्हायझरपासून काही लपवलंत का? ९७ टक्क्यांहून जास्त जणांनी हो म्हटलं. सगळ्यात जास्त काय लपवलं होतं, माहितीये? त्या सुपरव्हायझरबद्दलचीच नाराजी!

तुला म्हणून सांगते, मीही लपवलं होतं. शिकत असताना माझा एक क्लायंट होता, त्याचं सेशन रद्द झालं की मला सुट्टी मिळाल्यासारखं वाटायचं. पुढे त्याने येणंच बंद केलं. सुपरव्हायझर चांगल्या होत्या, त्यांनी विचारलंही. मी म्हटलं, वेळ जमत नसेल त्याला. ते सांगितलं असतं तर कदाचित तो टिकला असता. ही गोष्ट मी आता पहिल्याच भेटीत शिकणाऱ्याला सांगते. बाईंना ते फारसं पसंत नाही. म्हणतात, पहिल्या भेटीत आपलं ओझं तिच्यावर कशाला? आमचा हा वाद अजून मिटलेला नाही.

फीडबॅकचं तर विचारूच नकोस. कडू बोलायला लागू नये म्हणून मी इतकं गोड घोळून सांगितलं की, बाईंनी त्या मुलीला "काय घेऊन चाललीस?" विचारल्यावर ती म्हणाली, "सगळं छान चाललंय!" मला सांगायचं होतं की ती क्लायंटला वाक्य पुरं करू देत नाही. आता मी आधी कागदावर एकच वाक्य लिहिते आणि तेवढंच बोलते.

उद्या सकाळी ती परत येणार आहे, त्याच क्लायंटचं नवं रेकॉर्डिंग घेऊन. तो आला होता, असं तिने कळवलंय. तेव्हा एक विचारायचं होतं, सवडीने लिही. नव्या मुलीला शीर सापडत नसते, पेशंट कण्हत असतो, तेव्हा सुई काढून घ्यायची की तिला आणखी एकदा प्रयत्न करू द्यायचा, हे तू कशावरून ठरवतेस? तिच्या हाताकडे बघून, की पेशंटच्या तोंडाकडे?

आईला सांग, हॉलमध्ये फिरायचं काम नाही, बसूनच असतं. भाऊजींना नमस्कार, मुलांना पापा.

तुझी,
धाकटी